पाचव्या माळेची अडचण

गोदावरीचा उगम कुठं होतो, हे एकदा मला भर वर्गात आठवेना. मी नाशिकरोडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. समोर सातवीची पोरं, मागं फळ्यावर मीच काढलेला जिल्ह्याचा नकाशा, आणि नदीच्या टोकावर खडू टेकवून मी उभी. डोक्यात नुसता धूर. शेवटी पोरांनाच दरडावलं, "सांगा बरं कुठं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "त्र्यंबकेश्वर!" मी "शाब्बास" म्हटलं, जशी काही त्यांचीच परीक्षा घेत होते. तास संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. नाशकात राहून गोदावरी विसरणारी भूगोलाची बाई!

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझी पाळी थांबली होती. त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. वाटलं, सुटले. पण मग अंगातून वाफा निघायला लागल्या. भर थंडीत मी फुल पंखा लावून बसायची आणि नवरा शेजारी कानटोपी घालून दोन गोधड्यांत. तो एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात शिफ्टवर असतो. म्हणायचा, "आमच्या बॉयलरला निदान कोळसा तरी घालावा लागतो. तुझं काहीच न घालता चालू आहे." मला हसू यायचं नाही. झोप तुटलेली, सांधे धरलेले, आणि कुणी "चहा घेता का" विचारलं तरी भांडावंसं वाटायचं. स्टाफरूममधल्या खिडकीवरून मी एका सहशिक्षिकेशी महिनाभर अबोला धरला होता. तिला ती बंद हवी, मला उघडी.

मी मुळात बोलणारी बाई नाही. अंगातलं दुखणं असो की मनातलं, ते घडी करून कपाटात ठेवायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. त्यामुळं डॉक्टरकडं जायलाच उन्हाळा उजाडला.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी आधी ढीगभर प्रश्न विचारले. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? कधी पायात रक्ताची गाठ? बीपी? मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्त. सगळं बघून म्हणाल्या, "शरीरानं जे बनवणं कमी केलंय, ते थोडं बाहेरून देऊ. सगळ्यांना देत नाही, तुम्हाला चालेल." रोज मांडीला चोळायचं एक जेल, आणि महिन्यातले ठरलेले दिवस रात्री एक कॅप्सूल. "तुमची पाळी जाऊन अजून वर्ष झालं नाही. त्यामुळं कॅप्सूल संपल्या की दर महिन्याला पाळीसारखं थोडं जाईल. घाबरायचं नाही." मी मान डोलावली. मला त्या क्षणी कुणी "शेपूट फुटेल" म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. मला झोप हवी होती.

आणि झोप आली. शाळा सुरू होईपर्यंत वाफा जवळपास थांबल्या. मी खिडकीवाल्या बाईंना स्वतःहून म्हटलं, "लावा बाई, बंद करा." गोदावरी, दारणा, गिरणा, सगळ्या नद्या आपापल्या जागी परत आल्या. नवऱ्यानं एक गोधडी कमी केली. त्याला औषधाचं माहीत होतं. सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

सासूबाई बागलाणातल्या, नामपूरच्या. एकलहऱ्याच्या कॉलनीत त्या नवी नवरी म्हणून आल्या त्या वर्षापासून त्यांनी घट बसवलाय. आमची कुलदेवी गडावरची. नऊ दिवस अखंड दिवा, रोज एक माळ, पाचव्या माळेला कडकण्यांचा फुलोरा. आणि पाळीत असलेल्या बाईनं त्या खोलीच्या उंबऱ्याशीही जायचं नाही. यावर चर्चा नाही. मी नवी सून असताना नवरात्राच्या आधी कॉलनीतल्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्यांची पट्टी आणायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. "घे, ढकल पुढं." इतक्या सहज, जशी काही लाइट बिलाची तारीख ढकलायची आहे. मी वर्षानुवर्षं ढकलली. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच ढकलायच्या. मेडिकलवाला भाद्रपदातच त्या गोळ्यांचा जादा माल भरत असणार.

आता सासूबाईंचे हात थरथरतात. आदल्या नवरात्रात दिव्यात तेल ओतताना निम्मं पाटावर सांडलं आणि पदर थोडक्यात वाचला. तेव्हापासून त्यांना एकच काळजी, घट कुणाच्या हाती द्यायचा. मग त्यांच्या लक्षात आलं, की माझं थांबलंय. त्यांना सांगावं लागत नाही, त्यांना कळतं. आषाढात एके दिवशी त्यांनी मला देवघरात बोलावलं, तांब्याची तेलाची बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तुला अडथळा नाही. यंदापासून घट तुझा." त्यांचे डोळे भरले होते. त्याच दुपारी नामपूर, सटाणा, जिथं जिथं नातलग तिथं तिथं फोन गेले. "आता सून बसवणार घट. तिचं सुटलं."

आणि माझी त्या महिन्याची पाळी, म्हणजे गोळीची पाळी, दोनच दिवसांपूर्वी संपली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "आई, असं असं औषध आहे." दोन वाक्यं. पण ती बरणी हातात होती, आणि त्या इतक्या खूश होत्या. मी घडी केली आणि कपाटात ठेवली.

पितृपक्ष आला तसा माझा हिशेब सुरू झाला. कॅप्सूल संपणार त्या सुमाराला घट बसणार. म्हणजे नेमकं नवरात्रात जाणार. डॉक्टरना विचारायला हवं होतं. पण "सासूबाईंचा घट आहे हो" हे त्या शांत बाईंसमोर कसं सांगायचं? मी शिकलेली, शाळेत शिकवणारी, मला लाज वाटली. मग मी स्वतःच डोकं चालवलं. कॅप्सूल संपली की जातं ना? मग घ्यायचीच नाही. कॅप्सूल नाही तर पाळी नाही. जेल मात्र चालू ठेवलं, कारण झोप मला सोडायची नव्हती. मला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं.

घट बसला. पहिली माळ विड्याच्या पानांची, मग झेंडू, मग गल्लीत शोधून आणलेली कारळ्याची पिवळी फुलं. दिवा छान तेवत होता. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि सूचना करायच्या. "गाठ सैल आहे. वात उजवीकडं ओढ. उजवीकडं म्हटलं मी!" आम्ही दोघी इतक्या आनंदात कधीच नव्हतो.

पाचव्या माळेला सकाळी आंघोळीला गेले आणि बघते तर गेलेलं.

दारावर टकटक. "झालं का ग? कडकण्यांचं पीठ भिजवायचंय!"

मी आत उभी. मग बाहेर आले, पीठ भिजवलं, कडकण्या तळल्या, दोऱ्यात ओवून घटावर टांगल्या, माळ बांधली, तेल घातलं. सगळं केलं. माझा या विटाळावर विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तरी त्या माळेची गाठ मला तीनदा बांधावी लागली. देवीला मी घाबरले नव्हते. पाठीमागं खुर्चीत बसून जी बाई माझ्याकडं विश्वासानं बघत होती, तिला घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी जास्त गेलं. सकाळी दिव्यातलं तेल तळाला आलं आणि मी उंबऱ्याच्या अलीकडं थबकले.

"ओत की. काय बघतेस?"

"आई, मला आत जाता येणार नाही."

"गुडघा धरला का?"

"नाही. अडचण आहे."

"कुणाला?"

"मला."

त्या हसल्या. "तुझं तर कधीच बंद झालं, बाई."

मग मी सांगितलं. जेल, कॅप्सूल, महिन्याची पाळी, चुकवलेली कॅप्सूल. उभ्याउभ्या, एका दमात, एवढं मी लग्न झाल्यापासून त्यांच्याशी सलग बोलले नसेन. त्या ऐकत होत्या. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"कालची माळ?"

"मीच बांधली."

"कडकण्या?"

"मीच."

सासूबाई चिडल्या की अहिराणीवर येतात. "तू मन्हासंगे खोटं बोलनी," त्या म्हणाल्या. दिवा फडफडायला लागला होता. त्या उठल्या, नाईटवरून येऊन झोपलेल्या लेकाच्या खोलीत गेल्या.

"ऊठ. आंघोळ कर. तेल घालायचंय."

"गाडीत?" आतून आवाज आला.

पाच मिनिटांत तो ओल्या केसांनी बरणी घेऊन देवघरात. एक डोळा मिटून, खाली वाकून, मीटर वाचावा तसा दिव्याकडं बघतोय. "लेव्हल बरोबर आहे का?"

"ओत मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत या घरातल्या पुरुषाला त्या दिव्यात तेल घालायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात निघाले तर सासूबाई चपला घालून रिक्षाजवळ उभ्या. माझ्याआधी आत बसल्या. डॉक्टर बाईंनी मला नीट झापलं. "ती कॅप्सूल पाळी आणायला नाही दिलेली. नुसतं जेल लावत राहिलात तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. पुढं ते महागात पडू शकतं. कॅप्सूल त्याला आवरायला आहे. असं मध्येच जाणं तपासायलाच हवं." सोनोग्राफी झाली. अस्तर थोडं जाड दिसत होतं. कॅप्सूल लगेच सुरू करायची, आणि पुन्हा सोनोग्राफी. पुढच्या वेळेला ते ठीक आलं, पण मधले दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक.

"आणि नवरात्राचं मला आधी सांगायचं ना," डॉक्टर म्हणाल्या. "दिवस मागंपुढं करता आले असते."

मी जमिनीकडं बघत होते. सासूबाईंनी तोंड उघडलं. "हे औषध बंद केलं तर हिला काही होईल का?"

"बंद करता येईल, आजी. त्रास परत येऊ शकतो. घ्यायचं की नाही ते यांनी ठरवायचं."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "घेणार का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती तांब्याची बरणी आली. नातलगांना गेलेले ते फोन आले. आणि खडू हातात धरून फळ्यापुढं उभी असलेली मीही आले. "घेणार," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की डॉक्टरांनी वर बघितलं.

परत येताना रिक्षा देवीच्या जत्रेच्या गर्दीत अडकली. पाळणे फिरत होते, पिपाण्या वाजत होत्या. सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या, "देवीला राग आला असता तर दिवा विझला असता. तो काही विझला नाही." मला हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "राग मला आलाय."

त्या दसऱ्यापर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मीठ दे, नळ बंद कर. उरलेल्या माळा नवऱ्यानं बांधल्या. त्याच्या गाठी बघून त्यांचा जीव वर-खाली व्हायचा, पण मला त्यांनी हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. "अरे फूल उलटं आहे! उलटं!" मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी रात्री गाढ झोपही लागत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी त्यांच्या पाया पडले. "चुकलं माझं," म्हटलं.

"औषध घेतलंस ते नाही चुकलं," त्या म्हणाल्या. पान हातात फिरवत राहिल्या. "तुझ्या त्या गोळ्यांवर तारीख पक्की असते ना?"

"हो. कॅलेंडरवर लिहून ठेवता येते."

"मग श्रावणातच माझ्यापुढं कॅलेंडर आणून ठेवायचं. डॉक्टरीण काय सरकवते ते आधी बघू. सरकलं तर नऊ माळा तुझ्या. नाही सरकलं तर जेवढ्या मोकळ्या तेवढ्या तुझ्या, बाकी ह्याच्या." त्यांनी लेकाकडं बघितलं. "पण ह्याला आधी गाठ मारायला शिकव."

"मला येते गाठ," नवरा म्हणाला.

"तुला स्क्रू येतात," सासूबाई म्हणाल्या, आणि आपट्याचं पान माझ्या तळहातावर ठेवून वरून बोटं मिटली. त्यांचा हात थरथरत होता. मी तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला.