मास्टरची पाठ

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी काढून आले. डोकं वापरायची घाई मला तेव्हापासूनच नाही. अंबरनाथच्या आमच्या चाळीत कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो माझ्या दारात पालथा पडायचा आणि मी पाठीला तीनदा लाथ लावायची. पन्नाशीत मला या पायाचा भारी तोरा. त्याच तोऱ्यात मी तापानं फणफणलेल्या मास्टरच्या पाठीला लाथ लावली आणि वर डॉक्टरी थाटात सांगितलं, "उसणच आहे. दोन दिवस पडून राहा, उतरेल." तिसऱ्या दिवशी त्याचे पाय हलेनात. लघवीही अडकली.

मास्टर आमचा शेजारी, उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कापडाचे थरच्या थर एका रेघेत कापायचा. शर्ट मात्र भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा. "स्टाईल आहे, मावशी." मी शहाणी, स्टाईलच समजले. बाह्यांखाली नशेच्या सुयांचे व्रण होते.

सुईवाटे जंतू रक्तात गेले, मणक्यांच्या आत पू झाला, मज्जारज्जू दाबला गेला. ऑपरेशननं जीव वाचला, पाय परतले नाहीत. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, लाथेनं नाही झालं. दोन दिवस वाया गेले, त्यानं झालं." ते दोन दिवस मीच सांगितलेले. मी मास्टरच्या खाटेशी बसून रडले, तर तो म्हणतो, "सुईचं मी तरी कुठं बोललो? चूक अर्धी अर्धी वाटून घेऊ."

नशा सोडताना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. मग व्हीलचेअरवरून थेट कारखान्यात. शेठनं विचारलं, "मास्टर, बैठ के काम करेगा?"

"बैठ के ही करूँगा, शेठ. खड़े रहने का ऑप्शन किधर है?"

कटिंग उभ्यानं करायचं काम, म्हणून तो शिलाईवर आला. मशीनचं पायडल त्यानं टेबलावर बसवून घेतलं. कोपरानं दाबतो. म्हणतो, "कोपराला प्रमोशन दिलं."

दर रविवारी तो सुई घेणाऱ्यांच्या अड्ड्यावर जातो. खुर्ची ढकलायला मी. एकेकाला विचारतो, "ताप आहे? पाठ दुखते? पाय जड वाटतात?" ते हसतात, शिव्या घालतात. हा पुढच्याला विचारतो.

गेल्या वर्षी बदलापूरचा एक रंगारी तिन्हीला 'हो' म्हणाला. मास्टरनं त्याला तसाच रिक्षात कोंबला. हॉस्पिटलात ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला, "उसण असेल."

"साहेब, हा सुई घेतो. मलाही आधी उसणच सांगितली होती."

मी छताचा पंखा बघत उभी राहिले. पण मास्टर हलला नाही. एमआरआय झालाच, आणि त्याच दिवशी ऑपरेशन.

दोन महिन्यांनी आम्ही बदलापुरात कुळगावला त्या रंगाऱ्याकडे गेलो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तोच खाली आला, मास्टरच्या पाया पडला, आणि चहा आणतो म्हणून परत वर गेला. मास्टर जिन्याकडे बघत राहिला. मला राहवलं नाही. विचारलं, "त्रास होतो का रे, असं बघून?"

"होतो की. पण मावशी, बघितलंस ना? कठडा न धरता चढला तो."