डब्यातला गुळाचा खडा

वडील मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा तिथल्या एका मंडळाकडून आम्हाला रोज जेवणाचा डबा फुकट मिळायचा. आई तो धुवून परत देताना आत कडेगावहून आणलेल्या गुळाचा खडा ठेवायची. मी चिडायचे, "फुकट घ्यायचं आणि वर हा तोरा कशाला?" ती म्हणायची, "आगं, रिकामा डबा देत्यात व्हय कुणी?" वडील गेले त्या दिवशी मात्र तिनं तो रिकामाच दिला.

आता मी मिरजेतच राहते आणि त्याच मंडळासाठी डबे भरते. आटपाडीच्या एका बाईंचा नवरा इथं दवाखान्यात आहे. त्यांच्या डब्यात रोज मूठभर भुईमुगाच्या शेंगा येतात. तो डबा लगेच उघडायचा मला धीर होत नाही. आधी कानाशी धरून हलवून बघते.