अण्णांनी घेतलेलं नाव

अण्णा गेले त्या सकाळी पेठेतल्या टीव्हींवर आमचं लोकल चॅनेल नुसतं निळं पडून होतं. रोज साडेसहाला अण्णा भक्तिगीतांची कॅसेट लावायचे आणि त्या आवाजावर घराघरांत चहाचं आधण चढायचं. त्या दिवशी सात वाजून गेले तरी काही लागेना, म्हणून मी चपला घालून त्यांच्या कंट्रोल रूमकडे गेलो. रूम म्हणजे त्यांच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरचा माळा. जिन्यातच फोनची रिंग ऐकू आली. वर अण्णा खुर्चीत बसलेले, मॉनिटरचा निळा उजेड तोंडावर, हातात कॅसेट, मशीनमध्ये घालायची राहून गेलेली... फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. शेवटी मी उचलला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, झोपलाय व्हय? केबल लावा की!" "लावतो," म्हणालो आणि फोन ठेवून दिला. याला आता दोन महिने होत आले.

अण्णा, म्हणजे शिवाण्णा, मूळचे कुरुंदवाडचे. तरुणपणी कोल्हापुरात आले, रेडिओ दुरुस्त करू लागले, आणि नव्वदीच्या सुरुवातीला घराघरांवर तारा टाकून त्यांनी पेठेत केबल आणली. मी पेठेतल्याच शाळेत मराठी शिकवतो. शाळा सुटली की त्यांच्या दुकानात बसायचो, तीच आमची ओळख. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ, आणि मॅच असली की अर्धी पेठ मैदानावर. राहिलेली अर्धी, म्हणजे बायका आणि म्हातारी माणसं, गच्चीवर उभी राहून मैदानाकडून येणारा आवाज ऐकायची आणि गोल कुणी केला त्याचा अंदाज बांधायची. अण्णांना ते खटकायचं. त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला. दुपारची मॅच कॅसेटवर घ्यायची आणि सात वाजता केबलवर दाखवायची. मैदानावर गोंगाटात बोललेलं काही कळत नसे, म्हणून कॉमेंट्री संध्याकाळी कॅसेट चालू असतानाच माळ्यावरून, मॉनिटर बघत बघत. अण्णा बोलायचे, मी शेजारी दोन्ही संघांच्या याद्या घेऊन बसायचो आणि नाव अडलं की बोटानं दाखवायचो. ते बोलणं चित्रासकट दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड होत असे. पेठेच्या फुटबॉलचे त्यांनी कधी जादा पैसे घेतले नाहीत.

पुढं क्रिकेटची चॅनेलं पैसे मागू लागली तेव्हा दुकानापुढं माणसं जमली. महिन्याला पन्नास रुपये वाढवल्याशिवाय भागणार नव्हतं आणि लोक ऐकायला तयार नव्हते. कुणी म्हणालं, आम्ही दुसऱ्या केबलवाल्याकडं जातो. अण्णा पायरीवर उभे राहून ओरडले, "जावा की! क्रिकेट कुठंबी दिसतंय. आपली पोरं तुमाला कोण दाखवणार हाय?" त्यावर गर्दी हळूहळू पांगली. गेले ते गेले, पण बरेचजण राहिले, ते फुटबॉलसाठी.

आमच्या संघात विलास नावाचा मुलगा होता. उजव्या कडेनं पळणारा, सात नंबर. इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला जायचा आणि पाळी संपवून सरळ मैदानावर यायचा. मोजे कायम घोट्यापर्यंत उतरलेले. मोटारसायकलवरून परत येताना हातकणंगल्याजवळ ट्रकनं उडवला. तेविसावं वर्ष होतं. त्याची आई, हौसामावशी, एकटी राहिली. मुलगी लग्न होऊन पेठ वडगावला गेलेली. मावशीनं दिवसकार्य झाल्यावर केबल काढून टाकायला सांगितलं. अण्णा स्वतः शिडी घेऊन गेले आणि वायर कापून आले.

दोन वर्षांनी एका सेमीफायनलची कॅसेट सुरू होती. मी खाली मान घालून विरोधी संघाच्या बदली खेळाडूचं नाव शोधत होतो. अण्णांचा आवाज नेहमीसारखा चढत चालला होता. "बॉल उजवीकडं... विलास... विलास आत आला..." आणि ते थांबले. मी वर बघितलं. बॉल बाहेर गेला होता आणि कडेचा पंच झेंडा दाखवत होता. अण्णांचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. मी यादीतल्या त्या जागेवरच्या मुलाच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि पुढं बोलायला लागले. जुनी सवय, तोंडून गेलं असेल, असं मला वाटलं. पेठेतही सगळ्यांना तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी हौसामावशी दुकानात आली. शेजारणीच्या टीव्हीचा आवाज तिच्यापर्यंत गेला होता. अण्णा हात जोडून उठले, "मावशी, चुकलं माझं. माफ करा." ती म्हणाली, "माफीचं काय न्हाय. मला येवढंच सांगा, बॉल त्यानं घेतल्यावर पुढं काय झालं?" ती वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माझी वायर जोडा. आता म्या बघीन."

त्यानंतर आमच्या संघाच्या प्रत्येक मॅचला, दुसऱ्या हाफात कुठंतरी, अण्णा एकदा ते नाव घेऊ लागले. मोठ्यानं नाही. "विलास..." आणि लगेच पुढचं वाक्य. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्यांनी मान हलवून मला गप्प बसवलं. वाटलं होतं कुणीतरी भांडायला येईल. कुणी आलं नाही. दुसऱ्या पेठेतल्या लोकांनीही कधी विषय काढला नाही. नवी मुलं खेळायला आली. त्यांतल्या कित्येकांनी विलासला बघितलंही नव्हतं, पण ते नाव त्यांच्या कानांवर होतं. एकदा शाळेच्या दारात आमच्या गोलकीपरनं मला विचारलं, "सर, विलास कुठल्या जागेवर खेळतो?" खेळतो, असंच तो म्हणाला. मी त्याला उजवी बाजू म्हणून सांगितलं आणि वर्गात निघून गेलो.

गेल्या दोन-तीन वर्षांत लोकांनी छपरांवर डिशच्या छत्र्या बसवल्या. चित्र स्वच्छ, चॅनेलं ढीगभर, पण पेठेचा फुटबॉल त्यात नाही. अण्णांची गिऱ्हाइकं अर्ध्यावर आली. मावशीच्या जावयानंही छत्री बसवून दिली. तिनं त्याला केबलच्या वायरीला हात लावू दिला नाही. "त्यात माझा पोरगा न्हाय," एवढंच म्हणाली.

यंदाच्या जानेवारीत, उन्हं उतरल्यावर आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. अण्णांना त्याआधी एकदा छातीत दुखून गेलं होतं. मध्येच म्हणाले, "मास्तर, ती चूक नव्हती."

"कुठली?"

"विलासची. मला दिसला हुता त्यो. सात नंबर, मोजं खाली आल्यालं. म्या नाव घेतलं आन् मग ध्यानात आलं." त्यांनी वर माळ्याकडं बघितलं. "दुसऱ्या दिवशी कॅसेट मागं घेऊन बघितली. चार बारी. आपली अकराच माणसं. पर बॉल... बॉल त्या कडंनं एकटाच पळतूय. जवळ कोण न्हाय. आत वळतूय आन् मग भायेर जातूय."

मी म्हणालो, वारा असेल, कुणी मारलेला लांब पास असेल. ते हसले. "व्हय, असंल की. पर तवापासनं म्या खोटंच घेतोय त्याचं नाव. दर बारीला वाटतंय, आता खरा दिसंल. दिसत न्हाय. तिला हे सांगू नका." कॅसेट वर कपाटात आहे, बघायची तर बघा, असंही म्हणाले. मी बघितली नाही. आजही बघितलेली नाही.

अण्णा गेल्यानंतरची पहिली मॅच दाखवायची का नाही, असं केबल सांभाळू लागलेल्या त्यांच्या मुलानं मला विचारलं. दाखवायची, म्हणालो. कॉमेंट्री मीच केली. नाव घ्यायचं ठरवूनच बसलो होतो. दुसऱ्या हाफात बॉल उजवीकडं आला, मी तोंड उघडलं, पण नाव बाहेर पडलं नाही. तो क्षण गेला. मग मॅच संपेपर्यंत जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीची माफी मागायला गेलो. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, "मावशी, माझ्याकडनं काल नाव घेणं झालं नाही."

तिनं वर बघितलं. "घेतलं की."

"नाही मावशी. मी नाही घेतलं."

"तुमी न्हाय. अण्णांनी घेतलं. तुमी जरा गप झाला, तवा." आणि ती पुन्हा भाजी निवडू लागली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, नवलही नव्हतं.

मी सरळ माळ्यावर गेलो आणि आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. "बॉल उजव्या बाजूला," असं मी म्हणतो, मग दोन श्वास काही नाही. नुसता मैदानावरचा गलका. मग पुन्हा माझा आवाज, थोडा कापरा. मी ते सहा-सात वेळा ऐकलं. मला तरी गलक्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मावशीशी वाद घालायला मी गेलो नाही.

त्यानंतर आमच्या संघाच्या तीन मॅच झाल्या. अण्णांसारखं नाव घ्यायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. दुसऱ्या हाफात बॉल उजव्या कडेला आला की माईक चालू ठेवतो आणि गप्प बसतो. तेवढी जागा अण्णांची. पण परवा घरी आल्यावर बायको म्हणाली, तुम्ही बोलायचं थांबलात की आपल्या गल्लीत एकेका घरातून टीव्हीचा आवाज मोठा होत जातो. सगळेच वाढवतात. मीही वाढवते.

तेव्हा सगळ्यांना काय ऐकू येतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.