खिळ्याला टांगलेली वाटी

टेंभुर्णीच्या बसस्टँडजवळ माझी पिठाची गिरणी आहे आणि तिच्या भिंतीला लागून रायभान मिस्त्रीचं सायकलचं दुकान. तीस वर्षं माझं पीठ उडून त्याच्या ग्रीसच्या डब्यात पडतंय आणि तीस वर्षं तो त्यावरून माझ्याशी भांडतोय. माझं तोंड वाईट आहे, हे गावाला माहीत आहे. रायभान तसा गरीब स्वभावाचा, पण सायकलीचा विषय निघाला की त्याच्याइतका गर्विष्ठ माणूस तालुक्यात सापडायचा नाही.

त्याचा बाप मेंढरं राखायचा. म्हणून हा गडी सायकलीच्या बेअरिंगमधले छर्रेसुद्धा मेंढरं मोजल्यासारखे दोन-दोन करून पुढे सरकवतो. आता दारोदार मोटरसायकली झाल्या. सायकली उरल्या त्या शाळेतल्या पोरींच्या आणि दोन-चार म्हाताऱ्यांच्या. पण रस्त्यावरून सायकल गेली, की मान वर न करता रायभान सांगणार, "मागचं ब्रेक घासून राह्यलं."

त्या म्हाताऱ्यांपैकी एक रामकिसनभाऊ. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. पाय सावरला, डावा हात मात्र लुळाच राहिला. उजव्या हाताने उचलून तो हँडलवर ठेवायचा, की मग तो तिथे नुसता पडून राहायचा. तरी वर्षभरात माणूस पुन्हा सायकलवर बसला. रोज सकाळी मळ्यात जायचं आणि गोठ्यातलं दूध किटलीत घेऊन यायचं. लेक म्हणाला, मोटरसायकलवर सोडतो, तर त्याला म्हणाले, "म्या काय ज्वारीचं पोतं हाय का?" घरात ते आजारी होते, औषधाच्या गोळ्या होत्या, बायकोने भरवलेला घास होता. सायकलवर बसले की यातलं काहीच नसायचं.

दिवाळीच्या आधी हवा भरायला आले, तेव्हा रायभानने सायकलचं पुढचं चाक उचलून हँडल फिरवून पाहिलं. मधोमध आलं की ते कट्कन अडकत होतं. फ्रेमच्या पुढच्या नळीत खालून एक लोखंडी वाटी ठोकून बसवलेली असते. तिच्यातल्या छर्ऱ्यांवर हँडल वळतं. वर्षानुवर्षं खडीच्या रस्त्याने हादरे बसले, की छर्रे त्या वाटीत बारीक खड्डे पाडतात आणि हँडल सरळ झालं, की त्यांतच जाऊन बसतात.

"भाऊ, असलं हँडल घेऊन माझ्या दुकानापुढून जाता? लोक मला काय म्हनतील?"

"चालतंय की रे."

"बिलकुल न्हाई. दोन दिस सायकल ठेवा हितं."

वाटीसाठी हा स्वतः जालन्याला गेला आणि तीन प्रकारच्या घेऊन आला. पहिली नखाने वाजवली आणि बाजूला टाकली. "पापडावानी हाय." दुसरी जाडजूड होती, पण नळीत ढिली पडत होती. मी म्हटलं, डब्याचा पत्रा गुंडाळ की. मी पिठात खडू मिसळायला सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. तिसरी बराबर घट्ट बसणारी निघाली. जुनी वाटी त्याने नळीतून ठोकून काढली आणि छर्ऱ्यांसकट भंगाराच्या डब्यात टाकली. नवीच्या कडेला तेल लावलं, खाली लाकडी ठोकळा धरला आणि गोल फिरत फिरत हलक्या हाताने ठोकत राहिला. एका दणक्यात बसव ना, मी म्हटलं. "तिरकी बसली तं जलमभर तिरकी," तो म्हणाला. मग ग्रीसमध्ये नवे छर्रे रोवले, एका छर्ऱ्याची जागा मोकळी सोडली, पुढचं चाक धरणारा चिमटा चढवला. शेवटी एका बोटाने हँडल वळवून दाखवलं आणि दिवसभर स्वतःशीच हसत बसला.

दुसऱ्या दिवशी रामकिसनभाऊ माझ्या गिरणीसमोर पडले. टांग टाकली आणि हँडल डावीकडे फिरलं. उठले, धूळ झटकली, पुन्हा बसले आणि पुन्हा पडले. किटली घरंगळत नालीपर्यंत गेली. ते सायकल ढकलत घरी गेले.

आठ दिवस दिसले नाहीत. मग त्यांच्या बायको, चतुराबाई, ज्वारी घेऊन दळायला आल्या.

"पुन्हा लकवा आला म्हनतेत," त्या म्हणाल्या. "होता तेवढा हातबी गेला म्हनतेत. तेल लावू देत न्हाईत, धड जेवत न्हाईत. सायकल भंगारात दे म्हनले काल." आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडल्या.

भिंतीपलीकडे रायभानचा पाना वाजायचा थांबला.

तासाभरात तो त्यांच्या घरून सायकल घेऊन आला. उलटी केली, सुलटी केली. कुठे काही चूक नव्हती. त्याने आपला डावा हात मुठीवर सैल सोडून बघितला. मग म्हणाला, "भागवत, दोन-तीन किलो पीठ बांधून दे पिशवीत." ती पिशवी त्याने हँडलच्या डाव्या मुठीला अडकवली, स्वतःचा डावा हात माझ्याकडून उपरण्याने पाठीमागे बांधून घेतला आणि भर बसस्टँडवर सायकलवर बसला. साठीचा माणूस तीनदा पडला. पहिल्यांदा मी हसलो, ते आठवलं की अजून लाज वाटते. तिसऱ्यांदा पडल्यावर तो पिठाने माखून धुळीतच बसून राहिला.

"त्या लुळ्या हाताचा भार हँडलला डावीकडं ओढतो, भागवत," तो म्हणाला. "त्या वाटीतल्या खड्ड्यांनी ते सरळ धरून ठेवल्तं. भाऊ पुन्हा शिकले ते त्याच वाटीवर. अन् म्या ती उपटून फेकली."

भंगाराचा डबा पालथा करून त्याने जुनी वाटी आणि जुने छर्रे शोधले. नवी, घट्ट, सरळ बसवलेली वाटी ठोकून काढली. खड्डे पहिल्या जागी यावेत म्हणून जुनीवरचा गंजाचा डाग होता तसा समोर आणला आणि ती तितक्याच जपून, गोल फिरत बसवली. हँडल मधोमध आलं आणि कट्कन अडकलं. झिजलेला माल बसवताना मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

आम्ही दोघं सायकल घेऊन गेलो. रामकिसनभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"भाऊ, तुमचा हात व्हता तसाच हाय," रायभान म्हणाला. "बिघडवलं ते म्या."

"मला बरं वाटावं म्हून सांगतो का?"

"बसून बघा. मंग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

ते उठले. उजव्या हाताने डावा उचलून मुठीवर ठेवला. चतुराबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली होती. टांग पडली, सायकल जरा डगमगली आणि सरळ निघाली. समोरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेले, वळून आले. उतरल्यावर त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला मोकळा हात नव्हता, कारण उजव्याने सायकल धरली होती. चतुराबाईंनी पदराने पुसले.

"रायभान, मला वाटलं सपलं सगळं," ते म्हणाले.

ती नवी वाटी आता दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. परवा जाफराबादहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला नेमकी तीच हवी होती. रायभान म्हणाला, "ती रामकिसनभाऊची हाय. हात बरा झाला की बसवायची हाय."

त्या हाताचं आता काही व्हायचं नाही, असं डॉक्टर कधीच सांगून बसलेत. रायभानला ते माहीत आहे आणि मलाही. पण दर सोमवारी तो वाटी खाली काढतो. तिच्यावर साचलेलं माझ्या गिरणीचं पीठ मी फुंकून देतो, मग तो तिला तेल लावतो.