बेबाबाईच्या हातची अक्षरं

वाल्मीकनानाइतका हट्टी माणूस मी अख्ख्या धुळ्यात पाहिला नाही. आणि हे कोण सांगतंय? मी, चुडामण, ज्याच्या हट्टापुढे घरचे हात जोडतात! आम्ही दोघं देवपुरातल्या एका छापखान्यात होतो. मी मशीनवर. तो आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. एकोणनव्वद साली मालक मोतीलालशेठनी कॉम्प्युटर आणला, तेव्हापासून त्याच्यापुढे बसायचा.

त्याची बायको बेबाबाई आदल्याच वर्षी काविळीनं गेली होती. बाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकली होती. शिकली ती शिकली, घरातल्या प्रत्येक डब्यावर खडूनं नाव घालत सुटली. तूर, मठ म्हणजे मटकी, हळद. अक्षर वेडंवाकडं, मागे रेललेलं, डोक्यावरची रेघ लागली तर लागली. ती गेल्यावर वाल्मीक ते डबे कुणाला पुसू देईना. पण खडूच तो, किती दिवस टिकणार?

मग या गड्यानं काय केलं? कॉम्प्युटरवरचं अक्षर म्हणजे तेव्हा नुसते ठिपके. चौकटीतला कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा, एवढंच. त्यानं डब्यांवरची अक्षरं ठिपका ठिपका करत थेट पडद्यावर उतरवली. डब्यांवर नव्हती ती तिचं वळण आठवून भरली. फाइलीचं नाव ठेवलं बेबा. मी म्हटलं, "नाना, दुसऱ्या फ्लॉपीवर एक नक्कल करून ठेव."

तर म्हणतो, "बायकोनी नक्कल ऱ्हास का रे?"

घ्या! बायकोची म्हणे नक्कल नसते!

शेठनी ती अक्षरं बघून नाक मुरडलं. "लग्नपत्रिकेवर असलं टाकलं तर गिऱ्हाईक जोड्यानं हाणेल. गंधमुक्तीच्या कार्डांना वापर, हवं तर." आमच्याकडे उत्तरकार्याला गंधमुक्ती म्हणतात. त्या कार्डावरचं अक्षर कोण निरखून बघतंय? अशी पाच वर्षं देवपुरातल्या मयतांची आमंत्रणं बेबाबाईच्या हातानं गेली. माझ्या वडिलांचीसुद्धा. प्रिंटरमधून कार्ड बाहेर येताना वाल्मीक टक लावून बघायचा. त्याला बरं वाटायचं ते तेवढ्यापुरतंच.

चौऱ्याण्णवला नवा कॉम्प्युटर आला आणि जुनी अक्षरं त्याला कळेनात. ठिपके तेच, पण फाइलीत मांडायची रीत निराळी. मशीन बसवायला आलेल्या नाशिकच्या पोरानं जुनी फाइल नव्या रीतीत बदलणारा एक प्रोग्राम दिला. काळ्या पडद्यावर आधी प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, पुढे जुन्या फाइलीचं, त्यापुढे नव्या फाइलीला द्यायचं नाव, की एंटर. "नवीला वेगळं नाव द्या हं काका," एवढं बजावून तो नाशिकची बस पकडायला पळाला.

मी म्हटलं, "नाना, बेबा दोन टाक."

वाल्मीक भडकला. "दोन? मन्ही बाई एकच व्हती. ती बेबा शे, बेबाच ऱ्हाई!" आणि दोन्ही जागी तेच नाव टाइप करून त्यानं एंटर मारलं.

प्रोग्रामनं नवी फाइल लिहायला उघडली, तीच जुनी. उघडता उघडता ती रिकामी झाली, आणि मग तिच्यातून वाचायला काही उरलंच नाही. हे आम्हाला नाशिकला फोन लावल्यावर कळलं. फाइलीचं नाव तेवढं होतं, आत शून्य. "अरे बाबा, काय करून बसलास हे!" मी ओरडलो. नंतर त्यानं परत काढायला घेतलं, पण डब्यांवरचा खडू केव्हाच उडाला होता आणि अक्षर दरवेळी त्याच्याच वळणाचं यायचं. म्हणाला, "वळण मनंच पडस. तिनं येत नही."

मी म्हटलं, "रडू नको. कार्डं गावभर गेलीत, एक आणू, त्यावरून काढ." आणि आम्ही दारोदार फिरलो. पण मयताचं कार्ड वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत कोण मोडतो? ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "फाडी टाकं." माझ्या आईनंही फाडलेलं. छापखान्यात नमुना म्हणावा तर शेठ असलं कार्ड लग्नपत्रिकांजवळ ठेवू देत नसत.

शेवटी दोंडाईच्याची माझी फुई आठवली, वडिलांची बहीण धुरपदाबाई. तिला वाचता येत नाही; आलेला प्रत्येक कागद ती ट्रंकेत टाकते. वडील गेले तेव्हा ती लगेच धुळ्याला निघून आली होती, कार्ड मागून तिच्या घरी पोहोचलं होतं, ते तिला कुणी वाचून दाखवलं नसणार. गेलो. ट्रंक उपसली. लग्नपत्रिकांच्या ढिगात ते सापडलं. वाल्मीकनं ते दोन्ही हातांत धरलं.

"हाई काय शे रे भाऊ?" फुईनं विचारलं.

लग्नाचं आहे, असं ठोकून द्यायला मी तोंड उघडलं. पण वाल्मीकला तिच्याशी खोटं बोलवेना. भाऊ तिचा होता. म्हणाला, "आक्का, तुमना भाऊना गंधमुक्तीनं कार्ड शे."

"अरे मन्ही माय! आन मी घरमा ठेवं?" म्हातारीनं कार्ड हिसकावलं, आणि मी "फुई, थांब!" म्हणेपर्यंत टराटरा फाडलं.

मी तुकडे वेचायला वाकलो. वाल्मीकनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे, चुडामण. तिनं काय चुकनं? जे कागद लोके फाडतसच, त्यावरच मी तिले पाच वरीस लिखत ऱ्हायनू."

फुईनं चहा टाकला. वाल्मीक तो प्यायला, तिच्या पाया पडला, आणि बसस्टँडपर्यंत भर रस्त्यानं रडत आला.