निळ्या फुलांचे कप

शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर तसे साधे, पण हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. वस्तू झिजली की तिच्यात माणूस उतरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चित्रं काढायची ती झिजलेल्या वस्तूंचीच. आईचं एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं उलथनं, टाचेखाली खड्डा पडलेल्या तिच्या चपला, वडिलांच्या पिशवीचा तारेनं बांधलेला बंद. संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे आणि आईला भाजी परतायला उलथनं मिळायचं नाही.

"अरे, त्या चपलांत काय ठेवलंय?" आई वैतागायची. "कपाटातले निळ्या फुलांचे कप काढ की! सहाच्या सहा शाबूत आहेत."

"कोणी कधी ओठ लावलाय का त्यांना? दुकानातला माल नुसता!"

मग आई भांडी जरा जोरात आपटायची.

पुढे मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. आईला त्यांनी नेलं नाही. चारचौघांत 'माझ्या चपला कशाला टांगल्या' म्हणाली तर? कौतुक मात्र भरभरून झालं. "तुमच्या आईंना भेटायला हवं," असं एकदोघं म्हणालेही. मास्तर हसले आणि सगळ्यांना घेऊन हॉटेलात चहाला गेले. घरी आले तेव्हा आईनं दार उघडून त्यांच्या मागे पाहिलं.

"एकटाच आलास?"

"मग कोण येणार?" म्हणत मास्तर हातपाय धुवायला गेले.

आई जाऊन महिना झाला तेव्हा मास्तरांची ताई कपाट आवरायला आली. कप पुसता पुसता म्हणाली, "तुझ्या प्रदर्शनादिवशी हे धुऊन टेबलावर मांडले होते तिनं. शेजारून दोन खुर्च्याही आणल्या होत्या. मला फोनवर म्हणाली, चित्रं बघून माणसं घर बघायला येतील, रोजच्या टवके उडालेल्या कपांतून चहा कसा द्यायचा? तुला सांगू नको म्हणाली."

 असा कसा मी करंटा, असं स्वतःलाच म्हणत मास्तरांनी सहाही कप मांडले, कागद घेतला. दुपारभर बसले. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. पेन्सिल कुठे टेकवायची तेच कळेना. शेवटी उतरलं ते दुकानाच्या पाटीवर शोभेल असं. फाडायला हात गेला, तेवढ्यात ताई मागून डोकावली.

"किती छान आलंय रे! आईला आवडलं असतं."

मास्तरांनी हात मागे घेतला. आईला आवडलं असतं असं त्यांचं ते पहिलंच चित्र होतं.