फ्रीजच्या खटक्यातल्या काड्या

गरम रबराचा वास आला की मला मेडशीला थांबलेली फिरत्या दवाखान्याची गाडी आठवते. सत्तरच्या दशकात मी नवीन नर्स होते. सोबतच्या मोठ्या नर्सबाईंना मी ताई म्हणायचे, सगळं काम त्यांनीच शिकवलेलं. उन्हात लेकरं कडेवर घेऊन बाया रांगेत उभ्या होत्या आणि गाडीतल्या लसीच्या फ्रीजचं दार काही उघडेना. "बर्फानं रबर चिकटलं असन, राहू दे तू," ताई म्हणाल्या. तरी मी गरम पाण्याचं फडकं दाराच्या कडेनं फिरवलं. मग खटका चाचपला, तर त्यात आगपेटीच्या काड्या ठासलेल्या. त्या उपसल्या आणि दार ओढलं. आत लस नव्हतीच. ताईंनी ती आणलीच नव्हती आणि ते झाकायला दार अडकवून ठेवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ताई बायांकडे वळून म्हणाल्या, "या पोरीले लस आणाले सांगतली होती, विसरली!" समोरची एक बाई मला म्हणाली, "चार कोस चालत आलो ना आमी. काहून असं केलं तुमी?" ताईंवरचा माझा राग कधीच ओसरला. पण त्या बाईच्या लेकराला पुढे लस मिळाली का, हे मला आजही ठाऊक नाही.